वल्ह्याचा धनी

१

सोडवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी पोर्ट क्लेमांच्या किनाऱ्यावर एक वल्हं कमी निघालं.

वल्हं म्हणजे काही सोनंनाणं नव्हे. पण कोरव्हेल बेटावर जो दर्यात गेला आणि ज्याचा देह हाती लागला नाही, त्याच्या नावानं घरचे किनाऱ्यावर वल्हं रोवतात आणि पात्यावर घराची खूण रंगवतात. पूर्वी ही वल्ही वादळात गेलेल्यांची असायची. मग स्वातंत्र्य आलं. स्वातंत्र्याचे फटाके विझतात न विझतात तोच कर्नल आला, आणि किल्ल्यातली माणसं होड्यांत घालून दर्यात नेली जाऊ लागली. होड्या रिकाम्या परत येत. तेव्हापासून बंधाऱ्याच्या आतल्या वाळूत वल्ह्यांची ती लांबलचक रांग उभी होती. कर्नल गेला, त्याला हाकलणारे आले, त्यांनाही कोणीतरी हाकललं, पण वल्ही जागची हलली नाहीत. उद्या मात्र ती सगळी एकदाची पाण्यात सोडायची होती. खुद्द राष्ट्राध्यक्ष येणार होते. गावानं वाट बघणं थांबवायचं, असं सरकारात ठरलं होतं.

आणि गेलं होतं ते नेमकं युलाली मावशीच्या तेओचं.

"चोरी! दिवसाढवळ्या चोरी!" ओदेतबाई वाळूत उंच टाचांच्या बुटांनी नाचत होत्या. सोहळा समितीच्या त्या चिटणीस. "इन्स्पेक्टर, उद्या टीव्हीवर सगळ्या जगाला हा खड्डा दिसणार! माझं नाक कापलं जाणार!"

"तुमचं नाक शाबूत राहील, बाई. जरा बाजूला व्हा, माझ्या उजेडात उभ्या आहात," इन्स्पेक्टर झेलिया मार्सो म्हणाली.

झेलिया गुडघ्यांवर बसली. तिला राग आला होता, आणि तो कामाचा राग नव्हता. नव्वदीला टेकलेली मावशी वर्षभर एकच गोष्ट बोलत होती: माझ्या पोराचं वल्हं माझ्या हातानं सोडते, मग मी डोळे मिटायला मोकळी. तेवढं एक मागणं. तेही कोणीतरी उपटून नेलं होतं.

खड्ड्याच्या कडा कोणीतरी हातानं थोपटून नीट केल्या होत्या. चोराला एवढी सवड? तिनं बोटं आत घातली आणि ती थबकली. पंधरवडाभर पावसाचा टिपूस नव्हता, भरती इथवर कधीच येत नव्हती, आणि खड्डा तर आतून ओलाचिंब. तिनं चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली.

"शी! काय करताय?" ओदेतबाई किंचाळल्या.

झेलियानं वाळू थुंकून टाकली. ती खारट नव्हती. वल्हं उपटून चोरानं खड्ड्यात गोडं पाणी ओतलं होतं.

२

दोरवाल्यांच्या गल्लीत झेलिया एकटीच शिरली. हे मावशीला दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

ह्या दाराशी ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सात वर्षांची होती. आई गेलेली, बाप किल्ल्यावर पहारेकरी. कर्नलच्या पहारेकऱ्याच्या पोरीशी गल्लीतलं पोर खेळायचं नाही आणि बाया दारं लावून घ्यायच्या. मावशी मात्र रोज दुपारी निळ्या काठाची पत्र्याची वाटी भरून उंबऱ्यावर ठेवायची. पुढे मावशीच्याच तेओला पकडून त्याच किल्ल्यात टाकलं. त्या दिवशीही वाटी उंबऱ्यावर होती. "त्या जेलरच्या कार्टीला घास घालतेस? आता तरी लाज धर!" असं शेजारीण ओरडली, तेव्हा मावशी म्हणाली होती, "पोरीनं कोणाला कोंडलंय?"

त्याच हंगामात तेओला होडीत घातल्याची बातमी आली आणि झेलियाचा बापही नाहीसा झाला. कोणी म्हणे बाई घेऊन पळाला, कोणी म्हणे किल्ल्याची तिजोरी. झेलियाला मावशीनं आत घेतलं. ती पोलिसात गेली तीही बापापायीच. बापानं जे काळं केलं ते आपण जमेल तितकं पुसायचं, असं तिला वाटायचं. मावशीचं ऋण मात्र कशानं फिटणार, हे तिला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मावशी ओट्याशी बसून नीरफणस सोलत होती. झेलियानं तिचा हात धरला आणि एका दमात सांगून टाकलं.

मावशीची सुरी थांबली. झेलिया हंबरड्याची वाट बघत राहिली.

"खड्डा ओला होता की कोरडा?" मावशीनं विचारलं.

"काय?"

"अगं, खड्डा. वल्ह्याचा. ओला होता की कोरडा?"

"ओला होता. पण मावशी, तुला कसं..."

"बरं," मावशी म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. थोड्या वेळानं ती गुणगुणायलाही लागली. "बाजारात जाशील तर एक नारळ जास्तीचा आण. आणि ती टोपी काढून ये गं घरात. किती वेळा सांगायचं, ह्या घराला टोप्यांचा वीट आलाय."

म्हातारीचं डोकं फिरलं, दुसरं काय! पाटावर तिनं दोन ताटल्या मांडल्या होत्या, आणि त्यातली एकही झेलियासाठी नव्हती. झेलियाची ती निळ्या काठाची वाटी वेगळी, फळीवर होती.

३

"मी बदलूया म्हणाले होते. चोरूया नाही!" ओदेतबाई फणकारल्या.

चौकात मांडवाचं काम चाललं होतं आणि त्या खुर्च्या मोजून घेत होत्या. तेओचं वल्हं वाकडं होतं, ही त्यांची जुनी तक्रार. मावशीनं ते फुटक्या होडीच्या फळीतून स्वतः तासलं होतं आणि पात्यावर निळं कासव रंगवलं होतं. रांगेत ते एकटंच दारू प्यायल्यासारखं कलायचं.

"गोदामात नवंकोरं वल्हं तयार आहे म्हणे?" झेलियानं विचारलं.

"आहे! तेच लावते आता. कासवसुद्धा काढून घेते, हवं तर दोन काढते. टीव्हीवर कोणाला कळतंय?"

"मावशीला कळेल."

"हे बघा, इन्स्पेक्टर, पहाटेपासून मी इथे आहे. मांडववाल्यांना विचारा, त्यांना मी नकोशी झालेय." मांडववाल्यांनी एकमुखानं मान डोलावली.

सेराफिन सुताराचं मात्र तसं नव्हतं. रांगेतली निम्मीअधिक वल्ही त्याच्या हातची, आणि ती सोडायलाच त्याचा विरोध. समितीच्या बैठकीत त्यानं टेबलावर रंधा आपटला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याची वखार किनाऱ्याला लागून. उपटून लपवायला याहून सोयीची जागा नाही.

"झडती घे की!" भुशात उभा राहून म्हातारा गरजला. "शोध! पण मी चोरायचं असतं तर एक कशाला, सगळी नेली असती. वल्ही गेली की हे वर बसलेले विसरायला मोकळे. म्हणे वाट बघणं पुरे! ह्यांच्या बापाचं काय जातंय वाट बघायला?"

"काका, मी तुमच्यावर आळ घेतला नाहीये."

"मग टोपी कशाला घालून आलीस?" तो थोडा निवळला. "अगं, रोवलेल्या वल्ह्याला मी हात लावेन? शाळेत काय शिकलीस? रोवलेलं वल्हं उपटायचा हक्क दोघांचा. एक दर्याचा, नाही तर ज्याचं वल्हं त्याचा. तिसऱ्यानं हात घातला तर हात झडतो. बापजाद्यांपासून चालत आलंय."

झेलियाही ही म्हण लहानपणापासून ऐकत आली होती. कोणी दुसऱ्याच्या ताटातली मासळी उचलली की पोरं ओरडायची, 'ज्याचं वल्हं त्याचं!' तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही.

"पहाटे कोणी दिसलं?"

सेराफिननं कानावरची पेन्सिल काढून दिशा दाखवली. "ओनोरीनकडचा पाव्हणा. म्हातारा आहे, परदेशी कोट घालतो. बंधाऱ्यावरून चालला होता. हातात पाण्याची बाटली होती."

४

ओनोरीनच्या खाणावळीवर दोन खोल्या होत्या, आणि तिच्या तोंडाला दार नव्हतं.

"अगं झेलिया, बरी आलीस! तक्रार लिहून घे. माझी व्हरांड्यातली नवी चटई गेली. सकाळी बघते तर जागा मोकळी! सोहळ्याच्या नावाखाली गावात कोण कोण भुरटे शिरलेत देव जाणे."

"पाहुणा कुठाय?"

"बर्नाबे साहेब? वर कॉफी घेतायत. देवमाणूस हो. परवा मी नारळाच्या दुधातला नीरफणस वाढला तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हटलं तिखट झालं का, तर म्हणे नाही. आणि काय सांगू, स्वतःची ताटली स्वतः घासून ठेवतात. माझ्या नवऱ्यानं जन्मात घासली नाही."

बर्नाबे साहेब साठी उलटलेले, वाळलेले, पाठीत किंचित वाकलेले. झेलिया दारात दिसताच त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले. नजर तिच्या टोपीवर खिळली ती हलेना.

"घाबरू नका साहेब, चार प्रश्न आहेत. मूळचे तुम्ही इथलेच?"

"जन्मापुरता," ते म्हणाले. बोली इथलीच, पण वर्षानुवर्षं पेटीत ठेवलेल्या कपड्यासारखी घडी पडलेली. "गव्हर्नरच्या राज्यात आईबापांनी कडेवरून बाहेर नेलं. आता म्हटलं, मरण्याआधी एकदा बघून यावं. पहिलीच खेप."

"आज पहाटे कुठे होतात?"

"फिरायला गेलो होतो. झोप येत नाही हो ह्या वयात. एकजूट चौकातून खाली उतरलो, बंधाऱ्यावर जरा बसलो आणि परत आलो."

"हातात बाटली होती."

"पाणी होतं. पिण्याचं."

"वल्ह्यांच्या रांगेत कोणी दिसलं?"

"नाही," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि कॉफी तशीच गार होत होती. "माझं काही चुकलं असेल तर... मी कुणाचं काही घेतलं नाही. दुसऱ्याचं काही घेतलं नाही."

चोराच्या मनात चांदणं, असं झेलियाला वाटून गेलं. पण भित्रा दिसतो म्हणून कोणाला धरायचं असतं तर कर्नलचे दिवस काय वाईट होते? ती उठली. दातात काहीतरी अडकावं तसं त्यांचं एक वाक्य तिच्या डोक्यात अडकलं होतं आणि कुठलं ते कळत नव्हतं.

जिन्यात ओनोरीननं तिला गाठलं. "वाईट वाटतंय गं. सोहळा बघायला आलेला माणूस, आणि सकाळी फिरून आला तो म्हणे संध्याकाळच्या बोटीनं चाललो! सोहळा उद्या, आणि हा आजच पळतोय."

५

चौकात आता पाटी रंगवणं चाललं होतं. ओदेतबाई शिडीवरच्या रंगाऱ्याला हातवारे करत होत्या.

"प्रजासत्ताक! त ला त जोड! सरकारी नाव चुकवलंस तर उद्या मला फाशी देतील!"

"बाई, उतरून चहा घेतो. पलीकडे, नवपहाट चौकाच्या कोपऱ्यावर," रंगारी म्हणाला.

"अरे हाच तो चौक! किती वर्षं झाली, अजून नवपहाट, नवपहाट!"

झेलियाला हसू आलं. ह्या गावात माणसाचं वय दातांवरून नव्हे, चौकाच्या नावावरून कळायचं. सेराफिनसारखे म्हातारे अजून 'गव्हर्नर चौक' म्हणत. स्वातंत्र्याच्या वर्षी शाळेत गेलेले 'स्वातंत्र्य चौक' म्हणत. कर्नलनं पुढे त्याला 'नवपहाट' केलं, आणि ते नाव इतकी वर्षं टिकलं की तिच्या पिढीच्या जिभेवरून उतरेना. आताच्या पोरांचा 'प्रजासत्ताक'. राज्यं बदलत गेली, तशी नावंही. जो ज्या राज्यात गावाबाहेर पडला, त्याच्या तोंडात तेच नाव राहिलं.

ती चालता चालता थांबली. मागून येणाऱ्या खुर्चीवाल्याची धडक बसली, तरी ती हलली नाही.

एकजूट चौक.

ते नाव टिकलं फक्त एक हंगाम. कर्नलनं आणि त्याच्या जोडीदार मेजरनं मिळून गादी बळकावली तेव्हा ही पाटी लागली. हंगाम संपता संपता कर्नलनं मेजरलाच गोळी घातली. मग एकजूट राहिली कोणाशी? पाटी उतरली. ना नकाशात आली, ना पुस्तकात. गावात राहिले त्यांच्या जिभेवर नंतरचं नवपहाट चढलं, आणि ते जुनं नाव सगळे विसरून गेले. झेलियाला ते आठवत होतं कारण तिनं आयुष्यात वाचलेले पहिले शब्द ते. बापानं तिला खांद्यावर घेऊन ती पाटी वाचायला लावली होती, आणि जोडाक्षर नाही म्हणून सोपं आहे, असं म्हणाला होता. ती आठवण तिनं कधीच कोणाला सांगितली नव्हती.

गव्हर्नरच्या राज्यात कडेवरून बाहेर गेलेल्या माणसाच्या तोंडी हे नाव येणारच नाही. ते नाव फक्त त्याच्याच तोंडी येईल ज्याचं गाव त्या एका हंगामात थांबलं.

आणि त्या हंगामात काय झालं होतं? तेओला होडीत घातलं होतं.

मग एकेक धागा आपोआप सुटत गेला. 'दुसऱ्याचं काही घेतलं नाही,' असं तो म्हणाला होता. दुसऱ्याचं! सेराफिन काका ओरडून सांगत होते, उपटायचा हक्क दोघांचाच. दर्या तर तिथवर येत नाही. मग राहिला कोण? ओनोरीनची लांब चटई, तिच्यात काय गुंडाळलं असेल? आणि मावशी! मावशीचं डोकं फिरलं नव्हतं. वादळात हरवलेला जिता परत आला तर तो आधी आपलं वल्हं आपल्या हातानं उपटतो, खड्ड्यात गोडं पाणी ओतून दर्याचं मीठ उतरवतो, आणि मगच आईच्या दारात जातो. वाटी पुढ्यात ठेवून मावशीनंच ही गोष्ट झेलियाला सांगितली होती. जितं कोणी परतलंच नव्हतं, म्हणून गाव हा रिवाज विसरलं होतं. मावशी विसरली नव्हती.

ती सकाळपासून दोन ताटल्या मांडून बसली होती.

धक्क्यावरून बोटीचा भोंगा झाला. झेलिया पळत सुटली.

६

तो धक्क्याच्या टोकाला रांगेत उभा होता. एका हातात बॅग आणि खांद्यावर चटईची लांब गुंडाळी.

झेलिया धापा टाकत त्याच्यापाशी पोचली आणि तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे डोक्यावरची टोपी काढून काखेत मारली.

"तेओ दादा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याच्या हातून बॅग खाली पडली. झेलियानं त्याला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवलं आणि त्याच्या पायाशी स्वतः बसली.

"वल्हं उपटलंत, पाणी घातलंत. मग गल्लीत का नाही आलात?"

"आलो होतो," तो म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत आलो. बघतो तर दाराशी पोलीस. तुमची टोपी दिसली आणि मी मागे फिरलो. चाळीस वर्षं झाली, मुली, पण त्या टोपीपुढे मी अजून तोच पोरगा आहे. वाटलं, मी आलो आणि पुन्हा आईच्या दारात पोलीस आणले. मग म्हटलं, ती उद्या मला सोडणार आहे, शांत झाली आहे, कशाला भुतासारखं उभं राहायचं?"

"आणि वल्हं घेऊन चालला होतात? मग तिनं सोडायचं काय?"

त्यानं गुंडाळीवरून हात फिरवला. "हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिनं तासलंय ना ते. तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नाही."

"पण इतकी वर्षं? एक निरोप नाही?"

"शब्द दिला होता," तो म्हणाला. "आम्हाला होडीत घातलं तेव्हा आमच्यावर एक पहारेकरी होता. वाटेत बाकीचे पहारेकरी दारूत गुंग झाले. ह्यानं माझ्या हातांचे दोर कापले. पलीकडे मालबोट नांगरून होती, तिचे दिवे दाखवले. म्हणाला, पोह आणि मेलेलाच राहा. तू जिता आहेस हे कळलं तर तुझी आईही जाईल आणि माझी लेकही. मी मेलेला राहिलो. पुढे उत्तरेच्या एका गार बंदरात एक कोरव्हेलचा खलाशी भेटला. म्हणाला, दंगलीत दोरवाल्यांची गल्ली जळाली, कोणी उरलं नाही."

"जळाली होती. पण आम्ही उरलो."

"मला काय ठाऊक? गेल्या महिन्यात टीव्हीवर ही रांग दाखवली. वाकडं वल्हं, निळं कासव, आणि शेजारी ती उभी. माझी आई!" तो आता उघड रडत होता, आणि रांगेतले लोक वळून बघत होते.

विचारायचं नव्हतं, तरी झेलियानं विचारलं. "तो पहारेकरी. त्यानं तुम्हालाच का सोडलं?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, तुझी आई माझ्या लेकीला रोज वाटीभर घालते. सगळं गाव दार लावतं, ती उघडं ठेवते. मला त्याची परतफेड करायची आहे, आणि माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही." त्यानं डोळे पुसले. "नाव नाही कळलं. फाटक्या कानाचा होता. मी पाण्यात पडल्यावर होडीत आरडाओरडा झाला आणि मागून गोळ्या ऐकू आल्या. माझ्यावर एकही आली नाही. त्याच्यावरच झाडल्या असतील. रोज सकाळी उठल्यावर आधी त्याचे आभार मानतो मी. ती मुलगी कुठे असेल, काही माहीत आहे का तुम्हाला?"

झेलियाच्या बापाचा डावा कान फाटका होता. लहानपणी ती खांद्यावर बसली की तोच धरायची.

चाळीस वर्षं तिनं त्या माणसाचं नाव पाटीवरून खरवडावं तसं मनातून खरवडलं होतं. पळपुटा, जेलर, तिजोरीचोर, लोकांनी जे जे म्हटलं ते तिनं खरं धरलं. आणि तो तिच्या वाटीचं देणं फेडायला गेला होता.

"आहे माहीत," ती शेवटी म्हणाली. "चला. तुमच्या दोघांचं जेवण निवतंय."

बोट त्याच्यावाचून गेली.

७

मावशी दारातच बसली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर वल्हं खांद्यावर घेतलेला म्हातारा दिसला तेव्हा ती उठली नाही, ओरडली नाही. जवळ येऊ दिलं. मग मान वर करून विचारलं, "मीठ उतरवलंस?"

"हो, आई."

"किती उशीर! सकाळी ओतलंस ना पाणी? मी काय दिवसभर रस्सा गरमच करत बसू?" एवढं बोलली आणि मग तिचा आवाज फुटला. तेओ तिच्या मांडीवर कोसळला आणि ती त्याच्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "आभार रे देवा, आभार. ज्यानं कोणी आणलं त्याचं भलं कर."

गल्ली गोळा झाली. ओनोरीन आपली चटई ओळखूनसुद्धा चटईबद्दल चकार शब्द बोलली नाही. ओदेतबाईही आल्या, रांगेत खड्डा राहणार म्हणून भांडायला तोंड उघडलं, समोरचं बघितलं, आणि मटकन उंबऱ्यावर बसून हुंदके द्यायला लागल्या.

रस्सा वाढताना तेओनं आईला सगळं सांगितलं. फाटक्या कानाचा माणूस आला तेव्हा मावशीचा हात हवेतच थांबला. तिनं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या झेलियाकडे बघितलं.

"तेओ," ती हळूच म्हणाली, "ज्या पोरीला तू शोधतोयस ना, तिनंच तुला आणलंय."

तेओ उठला. झेलियाचे दोन्ही हात त्यानं कपाळाला लावले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. त्याचे आभार कसे घ्यायचे हे झेलियाला कळेना. ती नुसती रडत होती, आणि तिला हलकं वाटत होतं.

"इकडे बघ, पोरी," मावशी म्हणाली. "ओला खड्डा तसाच ठेवू नये, दर्या दुसऱ्याला बोलावतो. तुझ्या बापाचं वल्हं कुठाय?"

"नाही रोवलेलं, मावशी. कधीच नाही."

"मग रोव. रात्रभर उभं राहू दे, लोकांना बघू दे. उद्या सगळ्यांबरोबर सोड. मी येते तुझ्याबरोबर. मला त्या माणसाला दोन शब्द बोलायचे आहेत." तिनं फळीवरची निळ्या काठाची वाटी काढली, काठोकाठ भरली आणि झेलियाच्या हातात दिली. "पण आधी खा."

झेलिया वखारीत पोचली तेव्हा सेराफिन काका दिवा लावत होते.

"सापडलं का ते वल्हं?"

"सापडलं. धन्यानंच नेलं होतं." काकांनी आ वासला, पण तिनं त्यांना बोलू दिलं नाही. "काका, मला एक वल्हं हवंय. आत्ता."

"कोणासाठी?"

"वडिलांसाठी."

सेराफिननी काही न विचारता कोपऱ्यातली सगळ्यांत चांगली फळी ओढली, पात्याला रंधा मारला आणि रंगाचा डबा उघडला.

"खूण काय काढू?"

"वाटी काढा," झेलिया म्हणाली. "निळ्या काठाची."